चाळीस मिलिमीटर

माझ्या भावाने आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या कामातलं काही विचारलं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण हरभऱ्याच्या झाडावर चढवणारा घरचाच असला की माणूस खाली बघत नाही. मी तर आनंदाने चढले.

मी स्नेहल. चाकणच्या एका कंपनीत शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या टेस्टिंगला चौदा वर्षं आहे. गाडीखालची स्प्रिंग किती दाबली की किती जोराने परत येते, किती हजार दणक्यांनंतर शॉक अ‍ॅब्सॉर्बर तेल गाळायला लागतो, हे बघायचं आणि रिपोर्टवर सही करायची. कंपनीत माझ्या सहीशिवाय माल पुढे सरकत नाही. कुरुळीला माहेरी गेले की मात्र 'जेवलीस का' आणि 'वाळलीस गं' याच्यापलीकडे माझी चौकशी जात नसे. माझा धाकटा भाऊ अजिंक्य लोकांना सांगायचा, "ताई स्प्रिंगच्या कंपनीत हाय," जणू मी गाद्या विकते.

तर दिवाळीनंतरच्या एका रविवारी हाच अजिंक्य निगडीला माझ्या फ्लॅटवर आला, चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "ताई, माझी गाडी खाली घ्यायचीय. कोणतं सस्पेन्शन टाकू? तू यातली माणूस. तू म्हणशील तेच टाकू."

"कशाला? कॉलेजच्या पोरांसारखी रस्त्याला घासत न्यायचीय?"

"आईसाठी," तो म्हणाला.

आई म्हणजे कौशल्याबाई. वय एकोणसत्तर, उंची चार फूट आठ इंच. दोन वर्षांपूर्वी अजिंक्यने ती उंच कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतली, तेव्हा आईला चढता यावं म्हणून दाराखाली लोखंडी पायरी बसवून घेतली होती. त्याच पायरीवरून तिचा पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, खुबा नवा बसला, वॉकर धरून ती घरात हिंडायला लागली. पण गाडीचं नाव काढलं की म्हणायची, "त्या माचानावर म्या पुन्यांदा न्हाई चढायची." पायरी नको, स्टूल नको, कुणी उचलून ठेवलेलं तर त्याहून नको. आमचे चुलते मारुतराव, त्यांची सेडान आणून बघितली. ती इतकी खाली की बसताना गुडघे पोटाशी यायचे, आणि डॉक्टरांनी खुबा तेवढा वाकवायला साफ मनाई केली होती. रिक्षाचे दणके सोसत नव्हते. एक गाडी माळ्यावर आणि दुसरी तळघरात, अशी गत. टाके काढायला अँब्युलन्सने गेली तेवढीच. बाकी अकरा महिने आई दाराबाहेर पडली नव्हती. तळेगावला तिची सख्खी बहीण राहते. अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता, पण दोघी फोनवरच रडून घ्यायच्या.

त्यामुळे 'आईसाठी' म्हटल्यावर माझे डोळे भरून आले. मला वाटलं, पोरगा सुधारला.

"खर्चाचं बघू नको," तो वर म्हणाला. वायपरचं रबर बदलायला दोन पावसाळे घालवणारा हा माणूस. तेव्हाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

पुढच्या रविवारी वही, टेप आणि फूटपट्टी घेऊन मी कुरुळीला गेले. गाडीची उंची मोजायला सपाट जमीन लागते, आणि आमच्याकडे तशी एकच जागा होती, रस्त्याकडेची शेड. आमच्या वडिलांनी, यशवंतरावांनी, ती दोन गुंठे जागा आईच्या नावावर घेतली होती आणि वर पत्रा टाकून कांदा भरायला शेड बांधली होती. खाली घोटलेला काँक्रीटचा कोबा. वडील गेले, कांदाही गेला, शेड रिकामी पडली. दोन वर्षांपूर्वी माझा घटस्फोट झाला तेव्हा आईने मला जवळ बसवून सांगितलं होतं, "रस्त्याकडंची शेड तुझी. बाकीचं समदं अजिंक्याचं. तुझ्या बापाचं बी ह्येच म्हननं हुतं." बाकीच्या जमिनीत कायद्याने माझा वाटा होता, नाही असं नाही. पण मी त्याचं नाव कधी काढलं नाही. भावाशी भांडून सातबारा मिरवणाऱ्या बहिणी मी पाहिल्या आहेत, त्यांना माहेरचं पाणी मिळत नाही.

मला ती शेड पुरेशी होती. पुरेशी कसली, माझा सगळा जीव तिच्यात होता. या पट्ट्यात हजारो टेम्पो आणि पिकअप दिवसरात्र माल वाहतात, आणि त्यांची सस्पेन्शनं दुरुस्त करणारे बहुतेक हातोडीवाले. मला तिथे स्वतःचं वर्कशॉप काढायचं होतं. लिफ्ट कुठे, प्रेस कुठे, टेस्टिंगचं छोटं मशीन कुठे, सगळं कागदावर काढून झालं होतं. गुढीपाडव्याला नारळ फोडायचं आईनेच ठरवलं. पुढे जानेवारीत मी कंपनीत राजीनामाही दिला. नोटीस दोन महिन्यांची. चौदा वर्षांची नोकरी सोडली म्हणून आईला फोन केला, तर म्हणाली, "बरं केलंस. आपल्या घरचं ते आपल्या घरचं."

तर त्या शेडमध्ये गाडी उभी केली आणि सीटची उंची घेतली. जमिनीपासून अडुसष्ट सेंटिमीटर. मग घरी येऊन दिवाण ओढला, त्यावर एकावर एक फळ्या रचल्या आणि आईला बसायला लावलं. ती बसायची, उठायची, आणि प्रत्येक फळीला मला एक शिवी द्यायची. चौसष्टपर्यंत ती कुणाचा आधार न घेता टेकत होती. त्यावर एक फळी चढली की तिचा हात माझा खांदा शोधायचा. म्हणजे चार सेंटिमीटर. गाडी चाळीस मिलिमीटर खाली यायला हवी होती, कमी नको आणि जास्त नको.

आता गाडी नुसती खाली घेणं हे कुणालाही जमतं. आमच्या पट्ट्यात ग्राइंडर लावून स्प्रिंगची दीड वेटोळी छाटून देणारे गल्लोगल्ली बसलेत. तासाभराचं काम. पण छाटलेली स्प्रिंग कडक होते आणि मोठ्या खड्ड्यात चाक लोंबलं की जागेवरून निसटूही शकते. तो विचार मी केलाच नाही. दुसरा मार्ग तयार आखूड स्प्रिंगांचा. त्या बऱ्या असतात, पण मूळचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर मग कायम अर्धा दाबलेला राहतो, त्याला हालचालीला जागा उरत नाही, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला खालचं रबर आपटतं. तो दणका सीटमधून सरळ खुब्यात. तिसरा मार्ग म्हणजे अख्खा संच बदलायचा. त्यात आटे असलेलं कडं फिरवून उंची ठरवता येते आणि मऊपणा वेगळा ठेवता येतो. फक्त हे संच बनवतात शर्यतीच्या हौशी लोकांसाठी, त्यामुळे बहुतेक लाकडासारखे कडक. त्यातला सगळ्यात मऊ शोधायचा होता.

तीन आठवडे रोज शिफ्टवरून आल्यावर मी हेच केलं. कंपन्यांचे आलेख मागवले, दोन ठिकाणी भांडून आकडे काढून घेतले. तळेगावच्या रस्त्याला शेखरचं गॅरेज आहे. शेखर लातूरकडचा, हात सोन्याचा आणि तोंड सतत चालू. मी माझी यादी त्याच्यापुढे ठेवली तर त्याने टोपी मागे सरकवली.

"मॅडम, पोरं येऊलालेत अन् म्हणूलालेत, दादा, गाडी अशी करा की रस्त्याला टेकली पाहिजे, हाडं खिळखिळी झाली पाहिजेत. तुम्ही पहिल्याच, गाडी खाली पण पाहिजे अन् गादीवाणी पण पाहिजे."

"होईल की नाही ते सांगा."

"करू की. माय बसणार म्हणल्यावर करावंच लागतंय."

घरापासून हायवेपर्यंत सात ब्रेकर आहेत. सगळे ज्याच्या त्याच्या दारासमोर, ज्याच्या त्याच्या मर्जीने घातलेले. खाली घेतलेली गाडी त्यांच्यावर अडकू नये म्हणून मी रस्त्यावर आडवी पडून फूटपट्टीने एकेकाची उंची घेतली. समोरच्या तानुबाई ओट्यावरून बघत होत्या. या तानुबाईंच्या नजरेतून आमच्या दारचं मांजरसुद्धा सुटत नाही.

"काय हरावलंय गं सनेहल?"

"तुमचा ब्रेकर मोजतेय, काकू. लई उंच घातलाय."

"मग? गाड्या काय सावकाश जात्यात व्हय?"

आणखी एक गोष्ट सांगून टाकते. गाडीत असा बदल आरटीओच्या कागदात बसत नाही, हे मला माहीत होतं. चौदा वर्षं मी दुसऱ्यांच्या मालात अर्ध्या मिलिमीटरची चूक चालू दिली नाही. आईसाठी चालू दिली. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही आणि खरं सांगायचं तर आजही त्या एका गोष्टीचं वाटत नाही.

मागवलेला संच यायला वेळ लागला, आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी शेखरने तो बसवला. मी दिवसभर त्याच्या डोक्यावर उभी. चारही चाकांची उंची चार वेळा मोजली. संध्याकाळी गाडी कुरुळीला आणली, आईच्या दारात लावली आणि पुढचं दार उघडलं. आई वॉकर घेऊन आली. गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग पाठ फिरवली, एक हात दाराच्या वरच्या कडीला लावला आणि बसली. नुसती बसली, जशी आपण खुर्चीत बसतो. एक पाय आत घेतला, दुसरा घेतला आणि पुढे बघत राहिली. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिने तो धरला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"काय गं झालं?"

"काय न्हाई. लई केलंस पोरी," ती म्हणाली.

मीही रडले. शेजारी अजिंक्य उभा होता, तोही हळवा झाला असं मला वाटलं. मी त्याला बजावलं, स्प्रिंगा नव्या आहेत, बसायला आठवडा लागतो, तोवर मागे दोनच माणसं, जास्त नाहीत. गाडी खाली आहे, मागे वजन पडलं तर टायर वरच्या कव्हरला घासेल. तो सगळ्याला हो म्हणाला.

"आता लांबपर्यंत नेता येईल ना आईला?" त्याने विचारलं.

"कुठंही ने," मी म्हणाले.

गुरुवारी त्याचा फोन आला. म्हणाला, आईला तळेगावला डॉक्टरांकडे नेऊन आणलं, मी आणि आई दोघंच होतो, गाडी एकदम लोण्यासारखी गेली. मी त्या दिवशी कंपनीत पेढे वाटले. कशाचे पेढे म्हणून विचारलं तर म्हटलं, आमची आई चौदा महिन्यांनी गावाबाहेर पडली. लोकांनी खाल्ले. माझा साहेब म्हणाला, मॅडम, राजीनामा मागे घेतला म्हणून पेढे असतील असं वाटलं होतं. आम्ही हसलो.

रविवारी मी ठरल्याप्रमाणे तपासणीला गेले. नवा संच बसवला की आठवड्याने उंची पुन्हा मोजायची, नट पुन्हा आवळायचे, ही आमच्या कामातली रीत. अजिंक्यने आईला गाडीतूनच शेडवर आणलं. मी तिला दाराशी खुर्ची दिली. अजिंक्य बाहेर रस्त्यावर फोनवर बोलत फिरत होता. मी जॅक लावला आणि मागचं डावं चाक काढलं.

वरच्या प्लास्टिकच्या कव्हरवर घासल्याची खूण होती. हाताएवढी लांब, काळी, चकचकीत. उजवीकडचं बघितलं, तिथेही तशीच.

माझं पहिलं मत काय झालं असेल? अजिंक्य खोटं बोलला असं नाही. माझं गणित चुकलं, असं झालं. दोन माणसं पुढे बसून टायर मागे घासतोय, म्हणजे मी स्प्रिंग कमी ताकदीची निवडली. वही काढली, कोब्यावर मांडी घातली आणि सगळं पहिल्यापासून मांडलं. आईचं वजन, अजिंक्यचं वजन, पेट्रोलची टाकी, डिकीतलं स्टेपनी चाक. दोनदा मांडलं. गणित बरोबर होतं. मागे दोनशे किलोच्या पुढे वजन असल्याशिवाय टायर तिथे पोचूच शकत नव्हता. अर्धा तास मी त्या कोब्यावर बसून स्वतःला दोष देत होते. हे आठवलं की मला अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

शेवटी टेस्टिंगच्या ड्रायव्हरला विचारते तसं आईला विचारलं. "आई, गुरुवारी गाडीत मागे काय होतं? पोतं, सिमेंट, काही?"

"न्हाई गं. पोतं कशाला आसंल."

"मग माणसं? कोण कुठं बसलं होतं?"

आई सरळ बाई. हिशोबाने विचारलं की हिशोबाने सांगते. "म्होरं मी. अजिंक्या चालवाया. मागं मारुतभावजी, त्यो अजिंक्याचा मैतर भीमराज, आन् मधी वकील."

"डॉक्टरकडे जायला वकील?"

एवढं विचारेपर्यंत माझ्या डोक्यात काहीही नव्हतं. वाटलं, मारुतरावांचं काही काम असेल, वाटेत सोडलं असेल. पण आईने पदर तोंडाला लावला आणि नजर खाली केली. मग माझ्या हातातला पाना मी हळूच खाली ठेवला.

"आई."

"डाक्टरकडं न्हाई गेलो," ती म्हणाली. "रजिष्टर कचेरीत गेलो हुतो."

"कशाला?"

"बक्षीसपत्र केलं."

"कशाचं?"

तिने मान वर न करता हात फिरवला. पत्रा, भिंती, कोबा, मी, गाडी, सगळं त्या हातात आलं. "ह्याचं. अजिंक्याच्या नावानं."

माझी समजूत काढायला ती म्हणाली, "पर गाडी लई ग्वाड चालली बघ. जाता-येता एक दनका बसला न्हाई. कंबर जराबी दुखली न्हाई."

मला आधी सगळा मेळ घालायचा होता, मग रडायचं की ओरडायचं ते बघणार होते. तो मेळ तिथेच लागत गेला. बक्षीसपत्राला देणाऱ्याने कचेरीत हजर व्हावं लागतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी कचेरीचा माणूस घरीही येतो, पण घरी आला असता तर तानुबाईंच्या ओट्यावरून सगळं दिसलं असतं आणि त्याच संध्याकाळी मला निगडीला फोन आला असता. म्हणून आईलाच न्यायला हवं होतं. आणि आई चढत नव्हती. चौदा महिने अजिंक्यचं घोडं एका खुब्यापाशी अडलं होतं. ते पुढे काढून द्यायला त्याने माझ्याइतकं लायक माणूस आणखी कुठे शोधायचं?

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. इथे तर केसही माझाच होता.

"तू गाडीत पहिल्यांदा बसलीस," मी आईला विचारलं, "माझा हात धरून रडलीस. तेव्हा तुला माहीत होतं?"

ती वॉकरची मूठ चोळत राहिली.

"आई, माहीत होतं का?"

"व्हय."

"दिवाणावर फळ्या रचत होते तेव्हा?"

"तवा न्हाई. मागनं सांगितलं त्यानं. महिनाभर मागं लागला हुता. त्याला हितं गाळे काढायचे हायती. रस्त्याकडंची जागा सलग पाह्यजे म्हनला. ताईला म्होरं एक गाळा दिऊ म्हनला."

"आणि तू मानलंस."

"मंग काय करू?" आईचा आवाज चढला. अपराधी माणसाचा चढतो तसा. "तुझ्या हातात इद्या हाय. तुला कुनीबी नोकरी देतंय. त्याला काय येतंय? बारावी नापास. उद्या त्याची पोरं काय खातील? तू एकटी हायस, तुझं भागतंय."

"नोकरी सोडलीय मी. तुला सांगून सोडली. तू बरं केलंस म्हणालीस."

"परत धरशील."

चौदा वर्षं रात्रपाळ्या करून मी जी विद्या मिळवली, तिची माझ्या आईच्या लेखी किंमत ही, की तिच्यामुळे मला काही द्यायची गरज उरली नाही. मी थोडी ढ निघाले असते, थोडी कामचुकार, तर कदाचित शेड माझी राहिली असती. लहानपणीही असंच होतं. अजिंक्यला ताप आला की त्याला दूध, आणि मला ताप आला की 'ती सोसती'. मला त्याचा अभिमान वाटायचा.

एवढ्यात अजिंक्य आत आला. आमचे चेहरे बघून त्याला कळलं असावं. फोन खिशात टाकला आणि म्हणाला, "ताई, मी सांगणारच हुतो तुला. पाडव्याच्या आधी सांगणार हुतो. तू असं मनाला लावून घेऊ नको. आपल्यात काय तुझं-माझं हाय का?"

"कागदावर तुझंच आहे," मी म्हणाले.

"कागद काय गं, नावाला असतो. तुला हक्कानं एक गाळा देतो ना. मागच्या बाजूचा." मग त्याची नजर काढलेल्या चाकाकडे गेली. "घासतंय व्हय? मला वाटलंच, आवाज येत हुता. ताई, आता काढलंयस तर मागं तीन माणसं बसली तरी चालंल असं करून ठेव ना. उद्या सातबाऱ्याच्या नोंदीसाठी परत जावं लागंल, साक्षीदार घेऊन."

माझा आवाज मी क्वचित चढवते. त्या दिवशीही चढवला नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं. मी नुसतं म्हटलं, "बाहेर जा." त्याने आईकडे बघितलं. आईने मान हलवली तेव्हा तो गेला. माझ्या सांगण्याने नाही गेला.

शेडमध्ये आम्ही दोघी उरलो. मी कोब्यावरच बसले होते, हात ग्रीसने काळे. आई खुर्चीत, वॉकर पुढ्यात. रस्त्यावरून कंटेनर जात होते आणि पत्रा थरथरत होता.

मग आईने विचारलं, "तुला आधी सांगितलं आसतं, तर तू गाडी करून दिली आसतीस?"

मला खोटं बोलायचं होतं. 'नसती दिली' म्हणाले असते तर तिची सुटका झाली असती, आणि माझीही. मग आम्ही दोघी सारख्याच वाईट झालो असतो आणि कधीतरी एकमेकींना माफ करून टाकलं असतं. पण मी प्रामाणिकपणे विचार केला. चौदा महिने घरात कोंडलेली बाई, तिचा खुबा, तिची तळेगावची बहीण. भांडले असते, कोर्टाची धमकी दिली असती, रडले असते. आणि मग फूटपट्टी घेऊन रस्त्यावर आडवी पडले असते.

"दिली असती," मी म्हणाले.

"कचेरीत जायाचं हाय म्हनून सांगितलं आसतं तरी?"

"तरी."

आई माझ्याकडे बघत राहिली. तिला ते खरं वाटलं, हे मला दिसलं. तिच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. अगदी साधेपणाने, खरोखर न कळून, ती म्हणाली, "मंग बिघडलं काय?"

"तुला हे विचारावं लागलं, ते बिघडलं," मी म्हणाले.

तिने पदर पुन्हा तोंडाला लावला. मी उठले. चाक निघालेलं होतं आणि गाडी जॅकवर होती, ती तशी टाकून जाता येत नव्हतं, आई त्यात बसून घरी जाणार होती. मी मागच्या दोन्ही स्प्रिंगांची कडी मोजून दहा मिलिमीटर वर घेतली, मागे तिघं बसले तरी टायर घासणार नाही इतकी. चाक चढवलं, नट एकाआड एक आवळले आणि जॅक सोडला. मग कोब्यावरची वही उचलली आणि हात न धुता बसस्टॉपकडे चालायला लागले.